राजाचा जुळा भाऊ

बुधवारी तार आली. माझा भाऊ विमानासह बेपत्ता झाला आहे, असं तारेत होतं. वडील छापखान्यात होते. वहिनी पाणी भरत होती. तार मी घेतली आणि मीच वाचली.

दादा लढाऊ विमान चालवायचा. पुण्याला कॉलेजात असताना तो विमानदळात भरती झाला आणि पुढे ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर गेला. त्याच्या विमानात एकच माणूस बसत असे. त्यामुळे त्याचं काय झालं हे सांगायला त्याच्याबरोबर दुसरं कुणी नव्हतं. लढाई संपायला थोडेच महिने उरले होते, पण हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

आम्ही नगरला देवळामागच्या, म्हणजे चर्चमागच्या, ख्रिस्ती वस्तीत राहत होतो. आई मी लहान असतानाच गेली होती. वडील, म्हणजे बाबा, मिशनच्या छापखान्यात मुद्रितं तपासत. कानामागे पेन्सिल खोचल्याशिवाय त्यांना वाचताच येत नसे, मग ते वर्तमानपत्र असो की पवित्र शास्त्र. मी नुकतीच मॅट्रिक होऊन मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते. वहिनी काष्टीच्या पलीकडच्या खेड्यातली. तिचे वडील शेती करत आणि नाताळाच्या सुमारास गावोगाव ख्रिस्ती कीर्तनं करत. तिचं शिक्षण सातवीपर्यंत झालं होतं. मराठी ती खणखणीत वाचायची, इंग्रजी मात्र तिला येत नव्हतं. माझ्याहून ती थोडीशीच मोठी होती. मी तिला अगंतुगं करायची आणि ती मला ‘वन्सं’ म्हणायची. लग्न झाल्यापासून दादा तिच्या वाट्याला फारसा आलाच नव्हता. रजा मिळाली की यायचा, तेवढाच.

तारेनंतर काही महिन्यांनी विमानदळाचा कागद आला. तो आता हयात नाही असं धरण्यात येत आहे, असं त्यात लिहिलं होतं. बाबा मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पंच होते. त्यांना देवळात त्याच्या स्मरणाची भक्ती, म्हणजे प्रार्थनासभा, ठेवायची होती. वहिनी तयार होईना.

“मामंजी, त्यांना पडताना कुनी पाहिलंय?”

“कुणी पाहिलेलं नाही, मुली.”

“मग घाई कशापायी? लोक येत्यात की माघारी.”

तेही खरंच होतं. लढाई संपली आणि ब्रह्मदेशातून, सिंगापुरातून कैदेतली माणसं परत येऊ लागली. आमच्याच वस्तीतला एक जण, ज्याच्या नावाने घरच्यांनी रडून घेतलं होतं, एका सकाळी टांग्यातून उतरला. त्याच्या आईने आधी त्याला ओळखलंच नाही. वहिनी त्यांच्या घरी जाऊन त्याला बघून आली. आल्यावर त्या दिवशी तिने दादाची ट्रंक उघडून कपडे उन्हात घातले.

अडचण आणखी एक होती. मिशनच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना वहिनी आवडायची. नर्सिंग शीक, असं त्या तिला म्हणत होत्या. शिकायला मात्र कुमारिका किंवा विधवाच घेत. वहिनीला शिकायचं होतं, हे मला ठाऊक होतं. इस्पितळाच्या आवारातून जाताना तिची पावलं हळू पडत. पण त्यासाठी स्वतःला विधवा म्हणवून घ्यावं लागणार होतं, आणि ते ती म्हणत नव्हती. बाबा आग्रह करत नव्हते. पण देवळात वहिनीच्या शेजारी बसायला बायका अवघडायच्या. सांत्वन करावं की धीर द्यावा, हेच त्यांना कळत नसे.

त्या वर्षी नाताळाला अमेरिकेहून पेटी आली. लढाईच्या काळात अशा पेट्या येईनाशा झाल्या होत्या. त्या आधी दर वर्षी तिकडच्या मंडळ्यांतले लोक वापरलेले कपडे, जुनी नाताळकार्डं आणि बूट भरून लाकडी पेटी पाठवत आणि मिशनच्या मडमबाई त्या वस्तू वस्तीत वाटत. पेटी उघडून सामान निवडायला त्यांनी वहिनीला आणि मला बंगल्याच्या व्हरांड्यात बोलावलं. बूट पुरुषांचे होते, केवढाले. आकार मोडू नये म्हणून त्यांत कागदाचे बोळे कोंबलेले होते. बोळे टाकून द्या, असं मडमबाई म्हणाल्या.

वहिनीने एक बोळा टाकता टाकता उलगडला. त्यावर विमान होतं.

आपल्याकडच्या विमानांसारखं ते नव्हतं. त्याच्या शेपटीतून निळा जाळ निघत होता आणि आजूबाजूला आभाळाऐवजी काळोख आणि तारे होते. आत काचेखाली गळ्याला लाल रुमाल बांधलेला माणूस बसला होता. वहिनीने एकेका बुटात हात घालून सगळे बोळे काढले आणि ओच्यात घेतले.

घरी येऊन तिने इस्त्रीत निखारे घातले. वर जुनं धोतर पसरून ती एकेक पान दाबत गेली. रंगीत शाई धोतराला लागली. लाल आणि निळे डाग पुढे कधी निघाले नाहीत. पानं सरळ झाली तेव्हा कळलं की ते चित्रांचं पुस्तक होतं. प्रत्येक पानावर चौकोन, चौकोनात चित्र, आणि माणसांच्या तोंडातून निघालेल्या फुग्यांत त्यांचं बोलणं. मुखपृष्ठ नव्हतं, म्हणून पुस्तकाचं नाव आम्हाला कळलं नाही. पानांवर आकडे नव्हते. बऱ्याच पानांचे कोपरे फाटले होते. कुठलं पान आधीचं आणि कुठलं नंतरचं, ते आपणच ठरवायचं होतं.

दुपारची भांडी झाली की आम्ही पायरीवर पानं मांडून बसायचो. मी फुगे वाचून मराठीत सांगायची आणि वहिनी चित्रांवरून क्रम लावायची. गोष्ट साधारण अशी होती. एका राजाचं राज्य पुष्कळ ग्रहांवर पसरलेलं होतं. राजा म्हातारा, पांढऱ्या दाढीचा. त्याचा एक मुख्य प्रधान होता. मी त्याला ‘दिवाण’ म्हटलं. तो शत्रूशी आतून संधान बांधून होता. लाल रुमालवाल्याला त्याचा डाव कळला होता, म्हणून दिवाणाने त्याला शत्रू दबा धरून बसले होते तिथेच लढायला पाठवलं.

“ह्यो दिवाण लई बेरकी हाय,” वहिनी म्हणाली. “बगा कसा हात चोळतोय. हुबेहूब आपल्या मंडळीचे खजिनदार.”

आतून बाबांचा आवाज आला. “मुली, खजिनदार माझे मित्र आहेत.”

“म्हनून तर म्हनते, मामंजी. राजालाबी तसंच वाटत हुतं.”

बाबा बाहेर आले. मग ते रोजच बाहेर येऊ लागले. त्यांना विमानांचं काही नव्हतं. दरबाराची चित्रं आली की ते पान डोळ्यांजवळ धरत. लांब टेबल, त्याभोवती बसलेले दहा-बारा जण आणि कुणीच कुणाकडे सरळ बघत नाही. “ही आमची पंचांची सभा,” असं म्हणून ते हसत. फुग्यांतल्या इंग्रजीत त्यांना एक चूक सापडली. पेन्सिलीने त्यांनी ती दुरुस्तही केली. दिवाणाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, असं त्यांचं मत होतं. वहिनीला ते मुळीच मान्य नव्हतं.

तीन पानांचं मात्र जमेना. एकावर राजा विषाने मरतो आणि दिवाण त्याच्या बोटातली मुद्रा काढून घेतो. एकावर लाल रुमालवाल्याचं विमान पेटून दोन चंद्र असलेल्या एका ओसाड ग्रहावर कोसळतं. त्याच पानाच्या पाठीमागे त्याचे सोबती टोप्या काढून उभे आहेत, आणि शेवटचा फुगा कोपऱ्यासकट फाटलेला. तिसऱ्या पानावर राजा रुमालवाल्याच्या छातीवर पदक लावतो आहे. मागे त्याचं विमान उभं आहे, नगारे वाजताहेत, माणसं हात उंचावताहेत.

पदकाचं पान मी सुरुवातीला ठेवलं होतं. वहिनीने ते उचललं.

“वन्सं, बक्षीस कदी आदी देत्यात का? शाळंत तुमी आदी देता?”

“शेवटी देतो.”

“मग? हे शेवटचं पान. ह्यो पडला, पर मेला न्हाई. टोप्या काढून उबे राहिले, ती त्यांची चूक. मागनं ह्यो उठून आला आनि राजानं बक्षीस दिलं.”

“पण राजा तर मेला ना, वहिनी. पडायच्या आधीच मेला. टोप्यांच्या चित्रात मुद्रा दिवाणाच्या बोटात आहे, बघ.”

वहिनीने तिन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली आणि बराच वेळ बघितली.

“जुळा भाऊ असंल,” ती म्हणाली.

मला हसू आलं, पण बाबा हसले नाहीत. राजघराण्यांत असं होतं खरं, असं ते गंभीरपणे म्हणाले. गादीवरून तंटा नको म्हणून एकाला लपवून ठेवत असतील. मग मीही म्हटलं, दिवाणानेच त्याला तळघरात कोंडून ठेवलं असेल आणि रुमालवाल्याने सोडवलं असेल. ते पान हरवलं असेल, दुसऱ्या कुठल्या तरी बुटात राहिलं असेल. अशा रीतीने आम्ही तिघांनी मिळून राजाला एक भाऊ दिला. मला ते खरंच पटलं होतं की पटवून घ्यायचं होतं, हे आता सांगता येत नाही. बाबांनी छापखान्यातून बांधणीचा दोरा आणला. वहिनीने कडेला दाभणाने भोकं पाडून पुस्तक शिवलं. पदकाचं पान शेवटी आलं.

त्यानंतर वहिनी पुस्तक पुष्कळदा उघडायची. वाचायला मला बोलवत नसे. बोलणं तिला पाठच झालं होतं. शेवटचं पान आलं की ती मिटून ठेवायची आणि उठून कामाला लागायची. बाबांनी त्या दिवसांत स्मरणभक्तीचा विषय काढला नाही.

उन्हं तापायला लागली होती तेव्हा दादाच्या तुकडीतला एक वैमानिक आमच्याकडे आला. तो नागपूरकडचा. विमानदळातून मोकळा होऊन घरी चालला होता. वाट वाकडी करून नगरला उतरला, कँपातून विचारत विचारत आमचं घर शोधलं. संत्र्यांची करंडी त्याने दारातच ठेवली आणि पत्र न पाठवता आल्याबद्दल बाबांची माफी मागितली. दादा त्याला क्रिकेटमध्ये कसं फसवायचा, तंबूत उपासनेची गीतं किती बेसूर म्हणायचा, असं तो बरंच सांगत होता. बाबांनी शेवटी विचारलं तेव्हा तो खाली बघू लागला.

“ढग होते, काका. नीट दिसलं नाही. नक्की काही सांगता येत नाही.”

वहिनी दारात उभी होती. तिने चहा आणला. त्याचा कप रिकामा झाल्यावर पुस्तक आणून त्याच्या हातात दिलं.

“भावजी, तुमी इमान चालिवता. ह्यात खरं किती, ते तरी सांगा.”

आल्यापासून पहिल्यांदाच तो मोकळं हसला. अशी पुस्तकं अमेरिकन शिपायांच्या छावणीत त्याने पाहिली होती. “वहिनी, हा बघा, एवढ्या वेगात मान वळवून प्रधानाला शिव्या देतोय. मानच मोडेल याची.” तो एकेक पान उलटत राहिला. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती. बाबाही हसत होते. कितीतरी महिन्यांत आमच्या घरात एवढं हसणं झालं नव्हतं.

मग तो थांबला. मागची काही पानं उलटून त्याने परत पाहिलं.

“शिवताना चूक झाली वाटतं. हे शेवटचं पान आधीचं आहे.”

“कशावरून?” वहिनीने विचारलं.

“काचेखाली या चांदण्या दिसतात ना? शत्रूचं एक विमान पाडलं की तिथे एक खूण रंगवतात. पदक मिळतं त्या पानावर दोन आहेत. कोसळतो त्या पानावर पाच.” त्याने बोट ठेवून दाखवलं. “खुणा वाढतात, वहिनी. कमी नाही होत.”

आपण काय सांगितलं हे त्याला कळलेलं नव्हतं. तो अजून चित्राकडेच बघत होता. बाबांनी कानामागची पेन्सिल काढली आणि हातात धरून ठेवली.

“म्हंजे राजाला जुळा भाऊ न्हवता,” वहिनी म्हणाली.

“कुठला जुळा भाऊ?”

वहिनी खाली बसली. पाहुण्या पुरुषासमोर ती कधी बसत नसे.

“ह्यांच्या इमानावर किती खुना हुत्या?”

“एकही नाही. आमच्या तुकडीचं काम टेहळणीचं. खालून शत्रू कुठे चाललाय, ते बघून यायचं.”

“खून न्हवती, तर लांबून कुनाचं इमान ते वळखायचं कसं?”

“अक्षरावरून. प्रत्येकाच्या अंगावर एक अक्षर असतं. मोठं. त्याचं पडतानासुद्धा...”

तो मध्येच थांबला. वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शाळेत एखादी मुलगी अडखळली की आपण थांबतो, तशी ती थांबली होती.

“म्हंजे तुमी पाहिलं,” ती म्हणाली.

“हो,” तो म्हणाला. “पाहिलं.”

मग त्याने सगळं सांगितलं. ते दोघे जोडीने गेले होते. ढग होते ते परत येताना. त्या आधी चांगलं ऊन होतं. खालून गोळी लागली आणि दादाचं विमान डोंगराच्या कुशीत पडलं आणि पेटलं. हवाई छत्री उघडलेली त्याला दिसली नाही. तेल पुरेल तोवर तो वरून घिरट्या घालत राहिला. खाली काही हललं नाही. वरिष्ठांना त्याने हे सांगितलं होतं, पण ती जागा शत्रूच्या हातात होती, जाऊन कुणाला बघता आलं नाही, म्हणून कागदावर ‘बेपत्ता’ राहिलं. आमच्यासमोर बसून ते बोलणं त्याला झेपलं नव्हतं.

“तुमी वर हुता,” वहिनीने विचारलं, “सगळा येळ?”

“तेल संपत येईपर्यंत होतो.”

“म्हंजे एकटे न्हवते ते.”

त्यावर तो रडला. वहिनी रडली नाही. ती उठली आणि म्हणाली, “भावजी, आता जेवल्याबिगर जायचं न्हाई.” तिने भाकरी टाकल्या. आम्ही सगळे जेवलो. त्याला टांग्यापर्यंत पोचवायला बाबा गेले. परत आले तेव्हा ते एकदम म्हातारे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीने पुस्तक पायरीवर आणलं. दोरा उसवला, पण तोडला नाही. गुंडाळून बाजूला ठेवला. पदकाचं पान काढून तिने सुरुवातीला लावलं, राजाच्या मरणाचं पान त्याच्या जागी ठेवलं, कोसळण्याचं पान सर्वांत शेवटी. त्याच दोऱ्याने तिने पुस्तक परत शिवलं. मी शेजारी बसून होते. मला काही मदत करता आली नाही, तिने मागितलीही नाही. शिवून झाल्यावर तिने बाबांना हाक मारली.

“मामंजी, पाळकसाहेबांना सांगा. येत्या ऐतवारी.”

त्या रविवारी पाळकांनी देवळात भक्ती चालवली. तिचे वडील गावाहून वीणा घेऊन आले आणि देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी थोडं गायलं. त्या दिवशी बायका वहिनीच्या शेजारी बसल्या, तिचे हात हातात घेतले आणि तिथे ती रडली. पावसाळ्याच्या आत तिने इस्पितळाचा अर्ज भरला. त्यातला तो एक शब्द मी लिहू का, असं मी विचारलं होतं. नको म्हणाली. ‘विधवा’ हा शब्द तिने आपल्या हाताने, सातवीच्या वळणदार अक्षरात लिहिला.

पुढे ती नर्स झाली, मग सिस्टर झाली आणि निवृत्त होईपर्यंत त्याच इस्पितळात राहिली. मी लग्न केलं नाही. बाबा गेल्यावर आम्ही दोघीच होतो. तिची बोली शहरात राहून बदलत गेली, पण मला ती शेवटपर्यंत ‘वन्सं’च म्हणायची. वॉर्डात कुणी आशा सोडलेला रोगी बरा होऊन चालत घरी गेला, की संध्याकाळी हातपाय धूत ती मला सांगायची, “आज एकाला जुळा भाऊ मिळाला, वन्सं.” दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं. जे गेले त्यांच्याविषयी ती बोलत नसे. त्यांच्या घरच्यांजवळ मात्र बसायची. काय घडलं ते त्यांना सरळ सांगायची आणि शेवटी आपण तिथे होतो, हेही सांगायची.

ती आजारी पडली तेव्हा तिला तिच्याच इस्पितळात ठेवलं. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली तिची सेवा करत होत्या. एका सकाळी मी तिथे असतानाच ती गेली. मी सगळा वेळ होते.

याला आता वर्ष होत आलं. पुस्तक माझ्या कपाटात आहे. शेवटच्या पानाचा कोपरा फाटलेला आहे. दोरा तोच आहे.